मावसांनी कडीसाठी करंट निवडला

एखादी वस्तू निवडायला बसलेल्या आमच्या मावसांइतका सुखी माणूस साऱ्या धाराशिव जिल्ह्यात सापडायचा नाही. मावसा म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. मुरुमला त्यांचं कापडाचं दुकान आहे, आणि गिऱ्हाईक पटकन पसंत करून उठायला लागलं की यांचाच चेहरा पडतो. "बसा की वो, कापड काय पळून चाललंय?" म्हणत ते आणखी एक गठ्ठा सोडतात. एकदा मी सुट्टीत गेलो असताना ते कलिंगड आणायला म्हणून बाजारात गेले आणि परत येईनातच. मावशीनं मला शोधायला पाठवलं. बघतो तर हे ढिगाशी उकिडवे बसून एकेका कलिंगडाला टिचकी मारून कान लावताहेत, आणि विकायचं सोडून कलिंगडवालाही डोळे मिटून त्यांच्याबरोबर ऐकतोय. उमरग्याच्या एसटीत खिडकीपाशी बसले की ते अशा तंद्रीत जातात की कंडक्टरलाच त्यांना हाक मारून उतरवावं लागतं.

गेल्या वर्षी मावशी न्हाणीत घसरून पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि दिवसभर बडबड करणारी बाई पलंगाला खिळली. त्यांच्या गल्लीत दार वाजवायची पद्धत नाही. बायका दार ढकलतात. उघडलं तर "काय करायलाव वैनी?" म्हणत थेट आत, नाही उघडलं तर घरात कुणी नाही असं समजून माघारी. मावसा दुकानात गेले की दार उघडं टाकून डोळा लावायची मावशीला भीती वाटे, म्हणून ती बाहेरून कुलूप घालायला लावायची. कुलूप बघून बायका परत फिरायच्या. हळूहळू त्या यायच्याच थांबल्या, आणि मावशीचं बोलणंही आटलं. मी कळंबच्या शाळेत मास्तर. तिथून भेटायला गेलो तर "बरी हाय" एवढंच म्हणून ती आढ्याकडं बघत राहिली. मला फार वाईट वाटलं.

मावसा मला ओसरीवर घेऊन गेले. "मास्तर, दार तिच्या हातानं उघडलं पायजे. पलंगावरनं."

मोबाईलवर बघून त्यांनी सोलेनॉइड नावाची वस्तू हेरून ठेवली होती. तांब्याच्या तारेची गुंडाळी, तिच्या पोटात लोखंडी दांडी. करंट सोडला की दांडी आत ओढली जाते, बंद केला की स्प्रिंग तिला पुन्हा बाहेर ढकलते. त्या दांडीचीच कडी करायची. सोलेनॉइड उमरग्यात मिळाला, पण त्याला करंट द्यायचा कसा आणि कशातून, हे दोन प्रश्न उरले, आणि मावसांचे सुखाचे दिवस सुरू झाले. दुपारी ओसरीवरच्या बाजेवर डोळे मिटून पडायचे. बघणाऱ्याला वाटावं झोपलेत, पण मधेच बोट हवेत वर जायचं आणि तारेनं जाणारा करंट दिसावा तसं सावकाश सरकत राहायचं. जेवायला हाक मारली तर म्हणायचे, "थांब जरा, आत्ता कुठं बटनापतोर आलाय."

आधी त्यांनी घरातला एक जुना अडॅप्टर लावला. दांडी नुसती थरथरली. "व्होल्ट हायत, पर अंगात दम न्हाय," असं म्हणून त्यांनी त्याला मायेनं पुसून परत ठेवलं. मग दमदार अडॅप्टर आणला, तर बटण सोडताच करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर जळाला. करंट तोडला की गुंडाळी उलटा झटका मारते, त्यासाठी तिच्यावर एक डायोड, म्हणजे तो झटका परत फिरवणारा बारका तुकडा, बसवावा लागतो, हे कळल्यावर मावसा तो डायोड चिमटीत धरून निरखत बसले. मग म्हणाले, "धरून ठिवलेलं एकदम सोडलं की असंच व्हतंय. त्याला माघारी वळायला वाट ठिवावी लागती." दोन दिवस ते याच आनंदात होते. मुरुमला लाईटचा भरवसा नाही, म्हणून शेवटी अडॅप्टर सोडून बॅटरी निवडली. कडी दाराला बसली.

आणि पहिल्याच दिवशी जळाली. ही वस्तू शहरातल्या दारासाठी केलेली. तिथं बेल वाजते, माणूस क्षणभर बटण दाबतो, काम संपतं. आमच्या गल्लीत दार ढकललं की उघडायला हवं, म्हणून मावशीनं सकाळी बटण एकदा दाबलं की पुन्हा दाबेपर्यंत दांडी ओढलेलीच राहील अशी सोय मावसांनी केली होती. दुपारी गुंडाळी तापून प्लास्टिक वितळलं, दांडी सुटून बाहेर आली ती तिथंच रुतली, आणि सहज डोकावायला आलेल्या शेजारच्या काकू आत अडकल्या. मावसा दुकानातून धावतपळत आले. खिडकीतून बघतात तर जळका वास घरभर पसरलेला आणि दोघी पोट धरून हसताहेत. इतक्या दिवसांनी तिचं हसणं ऐकून मावसा पान्हा हातात घेऊन तसेच उभे राहिले.

मग नवा सोलेनॉइड आला आणि नव्या ड्रायव्हरची, म्हणजे करंट सोडणाऱ्या सर्किटची, निवड सुरू झाली: सुरवातीला पूर्ण करंट देणारा, दांडी आत गेली की कमी करून नुसतं धरून ठेवणारा. "आधी जोर, मग धीर," मावसा बोटानं हवेत दाखवायचे. ही निवड इतके दिवस रंगली की तेवढ्यात मावशी वॉकर घेऊन उठली. कडी बसली त्या दिवशी ती स्वतःच दारापर्यंत चालत आली होती. मावसांच्या हातात बटण होतं. त्यांच्या तोंडाकडं एकदा बघून ती माघारी फिरली आणि पलंगावर जाऊन बसली. "आणा हिकडं," म्हणाली. तिनं बटण दाबलं, कडी सरकली, आणि मावसांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हापासून ती बटणच दाबू लागली. बायका येऊ लागल्या, गप्पा रंगू लागल्या, पण वॉकर कोपऱ्यात तसाच. डॉक्टरांनी रोज चालायला बजावलं होतं, म्हणून मी रागावलो. ती हळूच म्हणाली, "अरे, त्येंनी एवढं केलं माज्यासाठी. आता म्या चालत जाऊन दार उघडू व्हय?"

परवा गेलो तर मावसा ओट्यावर बसलेले, मांडीवर बॅटरी. दार बंद होतं; आता कडी आतून हातानंच ओढावी लागणार होती.

"पावर सप्लाय चुकला बघ," ते आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. "परत निवडावा लागंल. लई दिस जातील."

मी बॅटरी उचलून पाहिली. काहीही बिघडलं नव्हतं. एक वायर तेवढी मुद्दाम काढून ठेवलेली होती. मी काही बोलणार तोच त्यांनी हात दाबला. आतून वॉकरचा आवाज येत होता, थांबत थांबत, दाराच्या दिशेनं.

इतकी जीव लावून केलेली वस्तू या माणसानं स्वतःच्या हातानं बंद केली होती. मी वायर त्यांच्या हातात दिली, आणि मावशी दाराशी पोचेपर्यंत आम्ही दोघं ओट्यावर त्या आवाजाला कान लावून बसलो.