तर्रीचं नाव पुसताना

स्नेहल गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोह्यांवर तर्री ओतून घेत होतो.

त्या क्षणापासून सगळंच बदललं. तर्री तर मी अजूनही खात नाही.

आज वर्ष झालं.

स्नेहल म्हणजे आमच्या ऑफिसचे सर्व्हर सांभाळणारी. रोज कामठीहून शेअर ऑटोने यायची. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून मी इथे चिकटलो, तेव्हा काम तिनेच शिकवलं. "कॉलेज काहून सोडलं?" हे न विचारणारी ती एकटीच.

गांधीबाग-इतवारीतल्या कापड दुकानांची बिलं आमच्या तीन मोठ्या मशीनवर चालतात. एकेकीच्या पोटात कितीतरी आभासी कॉम्प्युटर. तिघींची नावं स्नेहलने ठेवलेली.

संत्री, सावजी आणि तर्री.

"नंबर कोणाच्या ध्यानात राहते बे? 'तर्री बंद पडली' म्हटलं की अख्खं ऑफिस धावते."

"अन् हिलेच तर्री काहून?"

"लवकर तापते न. तुह्यासारखी."

बस. या एका वाक्यावर मी खल्लास झालो.

सांगायचं राहूनच गेलं.

मग आमची कंपनी पुण्याच्या लोकांनी घेतली. नवीन डोमेन, डीएनएसमध्ये, म्हणजे कोणत्या नावाचा पत्ता कोणता त्या यादीत, नवीन नावं. नावं कसली, नुसते नंबर.

आज रविवार, बाजार बंद, म्हणून काम आजच. मशीन रिकामी करायची, आतले कॉम्प्युटर दुसरीवर हलवायचे, नाव बदलायचं, बाकी दोघींना परत जोडायची.

संत्री झाली. सावजी झाली.

तर्री अडली.

स्क्रीनवर लाल. पुन्हा जोडली. पुन्हा लाल.

उद्या दुकानं उघडली आणि बिलं निघाली नाहीत, तर अख्खं मार्केट डोक्यावर बसणार. फोनवर पुण्याचे सर.

"जुनं नाव कुठेतरी राहिलंय. काढलंस का?"

"नाही काढलं. काढणारही नाही. नवीनसोबत जुनंही राहू द्या न, काय बिघडते?"

"अरे, भावनेवर सर्व्हर चालतात का?"

"तुम्हाले काय माहीत हे नाव कोणी ठेवलं ते!"

फोन आपटला.

मी असा तापलो की स्नेहल एकच सांगायची. "आधी पाणी पे. मग नावाले पत्ता विचार, अन् पत्त्याले नाव विचार. दोन्ही जुळले तरच जोड."

पाणी प्यालो.

नवीन नावाला पत्ता विचारला. बरोबर आला.

पत्त्याला नाव विचारलं.

उत्तर आलं, तर्री.

वर्ष झालं तिला जाऊन. आणि तो पत्ता अजून तिने ठेवलेलंच नाव सांगून राहिला होता.

वाटलं, जाऊ दे सगळं खड्ड्यात, राहू दे हे असंच.

पण तिचंच अजून एक होतं. "जुनं नाव मागे सोडू नको. कोणीतरी त्याच्या भरवशावर येते अन् दारातच अटकते."

पुसलं. माझ्याच हाताने.

जोडली.

हिरवं.

सरांना फोन लावला, "झालं" म्हणालो आणि ठेवला. ते काहीतरी चांगलंच बोलत होते बहुतेक.

स्नेहल, पत्ता तोच आहे. नाव तेवढं बदललं.

सुखात राहा वं.

सर्व्हर रूमचा लाइट बंद केला, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.