जबडा बधिर होईपर्यंत

दातांच्या दवाखान्यात सुई टोचल्यावर जबडा बधिर व्हायला दहाएक मिनिटं लागतात. त्या वेळात डॉक्टर हात धुऊन शेजारच्या खोलीत चहा प्यायचे. पेशंट खुर्चीत आडवा पडून छताकडे बघत राहायचा. ही दहा मिनिटं ताईंची होती.

ताई म्हणजे दवाखान्यातल्या मदतनीस. हत्यारं उकळायची, ट्रे लावायचा, कापूस द्यायचा, फोन घ्यायचा. बावीस वर्षं हेच काम. गोष्टी सांगायचं काम त्यांना कोणी नेमून दिलं नव्हतं, ते एका खाटकामुळे गळ्यात पडलं. माणूस दाराएवढा, पण सुई टोचून झाल्यावर गळ्यातल्या रुमालासकट पळायला निघाला. डॉक्टर म्हणाले, "बाई, बोला काहीतरी यांच्याशी, नाहीतर हे असेच बाजारात जातील."

ताईंना आदल्या दिवशी जेवताना नवऱ्याने सांगितलेलं आठवलं. "दादा, काकवीचा पूर ऐकलाय कधी?"

खाटीक दारात थांबला.

"एकोणीसशे एकोणीस साल. अमेरिकेतल्या एका बंदराच्या गावात काकवीची टाकी होती, चांगली पाच मजली उंच. भर दुपारी फुटली. घरांच्या वर जाईल अशी लाट रस्त्यात आली. एकवीस माणसं गेली."

"काकवीत?"

"काकवीत."

खाटीक परत येऊन बसला. दात निघाला तरी त्याचं एकच चाललं होतं, एवढी काकवी धुतली कशी? समुद्राच्या खाऱ्या पाण्याने, हे ताईंना सुदैवाने माहीत होतं.

माहीत असायचं कारण त्यांचे यजमान. ते पुस्तकबांधणी करायचे. गावच्या वाचनालयाची जुनी वर्तमानपत्रं त्यांच्याकडे बांधायला यायची, वर्षावर्षाचे गठ्ठे. पुठ्ठ्याला खळ लावली की ती वाळेपर्यंत हात रिकामे, मग समोरचं पान वाचायचं. गेल्या शतकातलं असं काय काय त्यांच्या डोक्यात साठलं होतं, आणि ते सगळं रोज जेवताना ताटाशेजारी ओतलं जायचं. ऐकीव काही सांगायचं नाही, हा त्यांचा नियम. कोणत्या सालच्या कोणत्या महिन्यात वाचलं ते आधी सांगणार, मग गोष्ट. आणि खोड अशी, की ऐन रंगात आल्यावर हात धुवायला उठायचे. "बाकीचं उद्या."

"उद्या मी जेवायलाच वाढणार नाही," ताई म्हणायच्या. पण दुसऱ्या दिवशी भांडी ठेवायच्या आधी, "हं, मग?" असं विचारायच्याही त्याच.

पेशंटलाही मग गोष्ट अर्धीच मिळायची. डॉक्टर म्हणायचे, तीन खेपांचं काम असलं की माणसं दुसऱ्या खेपेला दांडी मारतात, आपल्याकडे मात्र कोणी चुकत नाही, ही माझ्या हाताची किमया नाही.

तो मंगळवार होता. खुर्चीत एक बसचालक होता, खालची दाढ किडलेली. सुई देऊन डॉक्टर चहाला गेले. ताईंनी आदल्या दिवशीची ताजी गोष्ट काढली.

"एकोणीसशे बारा सालची शर्यत. मॅरेथॉन. ऊन असं, की अडुसष्ट जण धावायला निघाले आणि निम्मेच पोचले. त्यात जपानचा एक तरुण होता. बोटीने आणि आगगाडीने दोनअडीच आठवडे प्रवास करून आलेला. निम्म्याहून जास्त अंतर धावला आणि त्याला भोवळ यायला लागली. रस्त्याकडेला एका घराच्या बागेत माणसं सरबत पीत बसली होती. हा आत शिरला. त्यांनी सरबत दिलं, हा प्याला. आणि शर्यतीत परत आलाच नाही. कोणाला काही न सांगता उठून मायदेशी निघून गेला. कागदोपत्री काय, तर निघाला आहे आणि पोचलेला नाही."

"बग?" चालकाने विचारलं. ओठ जड व्हायला लागला होता.

फोन वाजला. ताईंनी बाहेर जाऊन घेतला. बांधणीच्या कारखान्याचे मालक बोलत होते. यजमान कागद कापायच्या यंत्रापाशी उभे होते, उभ्याचे बसले, बसल्याचे आडवे झाले. इस्पितळात नेलं. नेईपर्यंत संपलं होतं.

"बरं," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या आत आल्या. चालकाच्या ओठाला बोट लावून विचारलं, "लागतंय का?" त्याने मान हलवली. त्यांनी डॉक्टरांना हाक मारली. चिमटा दिला, कापूस दिला, पाणी दिलं. दाढ निघाली. "आज जोरात चूळ भरायची नाही, गरम काही घ्यायचं नाही," हे सांगितलं. चालक गेला. ट्रे उचलून धुवायला ठेवला, आणि मग ताई डॉक्टरांना म्हणाल्या, "मला निघायला हवं. आमचे हे गेले."

"कुठे गेले?" डॉक्टरांनी हात पुसत विचारलं.

ताईंनी पिशवी खांद्याला लावली. डॉक्टरांच्या हातातला टॉवेल खाली पडला.

पुढच्या दिवसांत माणसं आली, गेली. मोठ्या नणंदबाई आठ दिवस राहिल्या. रोज म्हणायच्या, "अगं, रड एकदा. मोकळी हो."

"येत नाही, वन्सं."

"असं कसं येत नाही?"

कसं ते ताईंना सांगता येत नव्हतं. लेक परगावाहून आली, गळ्यात पडून रडली, तेव्हा ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि तिच्या पोलक्याचं एक बटण तुटलंय, ते लावायला हवं, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी ते लावलंही.

नवव्या दिवशी त्या कामावर गेल्या. काम चोख. पण सुई टोचून डॉक्टर चहाला गेले की ताई खिडकीशी उभ्या राहायच्या. कोणी विचारलं, "ताई, आज काय?" तर म्हणायच्या, "आज काही नाही." नवी गोष्ट यायची ती जागाच राहिली नव्हती, आणि जुन्या तोंडात येत नव्हत्या. डॉक्टरांनी एक रेडिओ आणून ठेवला. एकदा उकळत्या डब्याचं झाकण काढताना ताईंचा तळहात पोळला. मोठा फोड आला होता. तो त्यांना संध्याकाळी भांडी घासताना दिसला.

दीड महिन्याने बसचालक दुसऱ्या बाजूच्या दाढेसाठी आला. सुई टोचून झाली. रेडिओवर कोणीतरी हवामान सांगत होतं. तो म्हणाला, "ताई, तो बंद करा हो. त्या धावणाऱ्याचं पुढे काय झालं?"

"मला तेवढंच माहीत आहे."

"असं कसं? रोज सिग्नलला गाडी थांबली की माझं डोकं तिकडेच. अहो, माणूस घरी पोचला का नाही?"

"खरंच माहीत नाही. सांगणारे गेले. तुम्ही खुर्चीत होतात तेव्हाच फोन आला होता."

चालकाला समजायला थोडा वेळ लागला. मग तो उठूनच बसला. "आणि तुम्ही माझी दाढ निघेपर्यंत थांबलात?"

"तुमचं तोंड बधिर झालं होतं," ताई म्हणाल्या. "नाहीतर परत टोचावं लागलं असतं."

चालक परत आडवा झाला. जाताना दारात रेंगाळला. "पुढच्या बुधवारी टाके काढायला यायचंय. सापडलं तर बघा."

गुरुवारी दवाखाना अर्धा दिवस असायचा. ताई वाचनालयात गेल्या. पुस्तकं घरी नेणारे खूप, पण पन्नास-साठ वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं मागणारं कोणी नसे. ग्रंथपालबाईंनी विचारलं, "कोणतं साल देऊ?" यजमानांनी साल सांगितलं होतं, पण ताईंच्या ते लक्षात राहिलं नव्हतं.

"मागच्या दोन महिन्यांत बांधून आलेले गठ्ठे कोणते?"

सात होते. ताई चार वाजेपर्यंत पानं उलटत बसल्या. पाचव्या गठ्ठ्यात, एकोणीसशे सदुसष्टच्या मार्चमध्ये, आतल्या पानावर बोटभर मजकूर होता. त्या शर्यतीच्या गावच्या लोकांनी त्याला परत बोलावून घेतलं होतं. पंचाहत्तर वर्षांचा म्हातारा, अंगात कोट, मैदानात थोडं धावून त्याने फीत ओलांडली. शर्यतीची वेळही मोजून सांगितली होती, चोपन्न वर्षं, आठ महिने, सहा दिवस, काही तास. म्हातारा म्हणाला होता, प्रवास लांबचा झाला. मधे लग्न केलं, सहा मुलं झाली, दहा नातवंडं झाली.

ताईंनी ते दोनदा वाचलं. गठ्ठ्याच्या पाठीवरून हात फिरवला. शिवण सरळ होती, कोपरे नीट दुमडलेले. यजमानांच्याच हातचं काम, त्यात शंका नव्हती. आता काहीतरी होईल म्हणून त्या थोडा वेळ थांबल्या. मग ग्रंथपालबाईंकडून कागद मागून मजकूर उतरवून घेतला.

बुधवारी त्यांनी चालकाला वाचून दाखवलं. सहा मुलांपाशी तो हसला आणि नातवंडांपाशी त्याचे डोळे भरले. मग ताईंच्या तोंडाकडे बघून तो ओशाळला, नाक पुसलं. ताईंनी त्याला आणखी एक कागदी रुमाल दिला. आतल्या खोलीत डॉक्टरांचा कप वाजायचा थांबला होता.

तेव्हापासून दर गुरुवारी ताई वाचनालयात जायला लागल्या. कोणी विचारलं तर सांगायच्या, दहा मिनिटं भरायला काहीतरी लागतं. एका रात्रीत सगळ्या देशाने गाड्या डावीकडून उजवीकडे नेल्या, ते सांगितलं. तीस सालच्या एका संध्याकाळी विलायतेच्या रेडिओवर, आज काही बातमी नाही, असं जाहीर करून पियानो लावला होता, ते सांगितलं. पेशंट खूश झाले. गोष्ट मात्र आता पूर्ण मिळायची, एकाच बैठकीत. नणंदबाई फोनवर विचारायच्या, "आता कसं वाटतं गं?" ताई खरं ते सांगायच्या. "वाटत काही नाही, वन्सं. काम होतं."

वर्ष उलटून गेलं. एका गुरुवारी नव्या बांधणीचा गठ्ठा उघडला, तर कडेला ओळींची टोकंच नव्हती. यंत्राखाली कागद सरळ धरला नव्हता. प्रत्येक पानावर कडेचे दोन-दोन शब्द कापून गेले होते. ताईंनी दहा पानं उलटली, वीस उलटली. मग उभ्या राहून, शांत वाचनालयात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कोण गाढव बसवलंय तिथे?"

गठ्ठा काखेत मारून त्या तडक कारखान्यात गेल्या. ग्रंथपालबाई मागून नको नको म्हणत राहिल्या. मालकांच्या समोर गठ्ठा आदळला. "हे काय काम आहे? ह्या ओळी आता कोण आणून देणार? छापणारे मेले, लिहिणारे मेले, एवढाच कागद उरला होता!"

"वहिनी, बसा. पाणी घ्या."

"पाणी नको. त्याला बोलवा."

नवा कारागीर चाळिशीचा होता, चष्मा लावलेला. तो समोर येऊन उभा राहिला. ताईंनी त्याला कागद यंत्राखाली कसा घ्यायचा, कड किती सोडायची, कापायच्या आधी खालचं पान का बघायचं, हे सगळं सुनावलं. स्वतः कधी यंत्राला हात न लावता त्यांना ते पाठ होतं. कारागीर खाली मान घालून, "हो बाई, हो बाई," म्हणत होता.

घरी येईपर्यंत राग टिकला. कुलूप काढताना किल्ली दोनदा चुकली. जेवताना त्यांनी तो परत चाचपून पाहिला, तर नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहिला पेशंट एक शिंपी होता, वरचा सुळा. डॉक्टर चहाला गेले. ताईंनी त्याच्या गळ्यातला रुमाल नीट केला आणि सुरुवात केली.