अढीतलं ब्रोमेलियाड

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नाशिक रोडच्या एका शाळेत शिकवत होते आणि संध्याकाळी देवळाली कॅम्पात एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या बायकोला मराठी शिकवायला जायचे. त्या दक्षिणेकडच्या होत्या. त्यांच्या व्हरांड्यात एका कुंडीत मी आयुष्यात कधी न पाहिलेलं झाड होतं. पानांवर रुपेरी आडवे पट्टे, कडांना काटे, मधोमध पानांचाच झालेला पेला आणि त्या पेल्यातून वर आलेला गुलाबी तुरा. तुऱ्यात बारीक निळी फुलं. त्या दिवशी शिकवण्यात माझं लक्ष लागलं नाही.

त्याला ब्रोमेलियाड म्हणतात, अननसाच्या कुळातलं आहे, असं त्यांनी सांगितलं. मूळच्या जंगलात ते झाडांच्या फांद्यांवर बसून वाढतं. फूल येऊन गेलं की मोठं झाड हळूहळू संपतं आणि बुडाशी पिल्लं धरतं. शिकवणी संपली तेव्हा त्यांनी मला दोन पिल्लं दिली. देताना त्या म्हणाल्या, "जगेल. फुलेल असं मात्र सांगवत नाही. माझं बंगळूरहून कळीसकटच आलं होतं."

पहिलं पिल्लू मी मायेनंच मारलं. काळी माती, शेणखत, रोज भरपूर पाणी. महिनाभरात ते बुडाशी कुजलं आणि उचलायला गेले तर नुसता शेंडा हातात आला. फार वाईट वाटलं. मग लक्षात आलं, फांदीवर बसणाऱ्या झाडाला चिखल कशाला हवा? दुसऱ्यासाठी लहान कुंडीत विटांचे तुकडे, कोळसा आणि नारळाच्या शेंड्या भरल्या. पाणी मुळांना बेताचं आणि पेल्यात मात्र नेहमी.

ते जगलं, पण उन्हाळ्यातल्या कोरड्या वाऱ्यानं पानांची टोकं जळायला लागली. आमच्या घरात ओलसर हवा एकाच ठिकाणी होती, न्हाणीघरात. तिथं बंबाची वाफ होती आणि खिडकीतून सकाळचं ऊनही यायचं. कुंडी तिथं गेली. आंघोळ करताना ह्यांच्या दंडावर काट्यांचे ओरखडे उठले. सासूबाईंची तक्रार डासांची होती आणि ती खरी होती. दर दोन-तीन दिवसांनी पेला उपडा करून ताजं पाणी भरायचं मी कबूल केलं.

दोन वर्षांत झाड टोपलीएवढं झालं. फुलाचा पत्ता नव्हता.

एकदा शाळेत शेतीच्या एका मासिकात वाचलं, की अननसाला फूल यावं म्हणून काही ठिकाणी धूर देतात. धुरानं केळी पिकतात हे मला माहीत होतं. आणि अढीत एक आंबा पिकला की शेजारचे पिकतात, हे तर दर वर्षी घरात बघत होते. आंब्यातून जे काही निघतं तेच या झाडाला चालेल का? मे महिना होता. पेठ तालुक्यातून गावरान कैऱ्या आल्या होत्या आणि सासूबाईंनी मागच्या खोलीत पेंढ्यात अढी घातली होती. मी धीर करून विचारलं.

"आंब्यात काटे ठेवायचे?" त्या म्हणाल्या. "आणि पाणी सांडलं की माझी अढी कुजणार."

"पेला रिकामा करून ठेवते, आई."

त्यांनी पेंढा सारून कोपऱ्यात जागा केली. "ठेव. पण दार मी उघडणार. तू मध्ये मध्ये डोकवायचं नाहीस."

आंबे संपत आले तेव्हा त्यांनी स्वतः कुंडी बाहेर आणून दिली. पानांना आंब्याचा वास येत होता. बाकी काही फरक नव्हता. पावसाळा लागला, आषाढ गेला. मी आशा सोडून दिली.

श्रावणात एका सकाळी सासूबाई ओल्या केसांनीच न्हाणीघरातून बाहेर आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. "पेल्यात गुलाबी काहीतरी आहे," त्या म्हणाल्या.

आम्ही तिघं त्या एवढ्याशा जागेत घुसलो. पाण्याखाली बोटाच्या पेराएवढं गुलाबी टोक होतं. मला हसू आवरेना. ह्यांनी पुन्हा पुन्हा वाकून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "आता कोणी त्याच्या अंगावर साबणाचं पाणी उडवायचं नाही." त्या दिवसापासून ह्यांना आंघोळ कोपऱ्यात बसून करावी लागली.

तुरा पूर्ण उमलला आणि आळीतल्या बायका आमचं न्हाणीघर बघायला येऊ लागल्या. गणपतीनंतर शहरात फुलांचं प्रदर्शन होतं. बंगलेवाल्यांचे माळी हातगाड्यांवरून गुलाब आणि डेलिया आणत होते. आम्ही दोघी रिक्षातून गेलो. कुंडी सासूबाईंच्या मांडीवर होती आणि तुऱ्याला वारा लागू नये म्हणून वाटभर त्यांनी पदर आडवा धरला होता.

परीक्षकांनी विचारलं, हे नाशिकच्या हवेत कसं फुलवलं? मी तोंड उघडण्याआधीच सासूबाई पुढे झाल्या आणि विटांच्या तुकड्यांपासून पेंढ्यापर्यंत सगळं त्यांनीच सांगितलं, न अडखळता, जणू त्या हेच करत आल्या होत्या. परीक्षक लिहून घेत होते.

दुर्मीळ झाडांत आमचा पहिला नंबर आला. बक्षीस घ्यायला मी त्यांनाच पाठवलं. त्या नऊवारीचा काष्टा सावरत मंचावर चढल्या, बक्षिसाचा स्टीलचा डबा त्यांनी काखोटीला मारला आणि फोटोवाल्याला म्हणाल्या, "थांबा. आधी माझ्या सुनेला वर येऊ द्या."