ओटीत कणी चालत नाही

आमच्या कॉलनीत सकाळी दूधवाल्याच्याही आधी भागीबाई यायची. डोक्यावर पाटी, पाटीत ओल्या फडक्याखाली शेवंती, झेंडू, थोडी तगर, आणि सांगून ठेवलं तर दुर्वा. १९९४ साली आम्ही गंगापूर रस्त्याला घर बांधून राहायला आलो, तेव्हा आजूबाजूला नुसते मळे होते. आमचा प्लॉटही कधीकाळी भागीबाईच्या भाऊबंदांचा भाजीचा मळा. हे तिनं मला पहिल्याच दिवशी ऐकवलं.

"तुमचं देवघर हाय ना ताई, तिथं आमची मेथी व्हती. लय कवळी यायची."

मी म्हटलं, "मग देवाला चांगली जागा मिळाली म्हणायची."

"मेथीला बी चांगलीच व्हती," असं म्हणून तिनं पुडी माझ्या हातात ठेवली आणि पाटी उचलली.

रोजची वही लिहायची मला सवय आहे. कुठला उपास, कोण आलं, काय केलं, एवढंच असतं त्यात. पण भागीबाई जितकी त्या वहीत आली तितक्या माझ्या नणंदाही आल्या नसतील. म्हणून तिच्याबद्दल एकदा सलग लिहावं म्हटलं. आणि तिच्याबद्दल लिहायचं म्हणजे डोहाईच्या देवळाबद्दल लिहायचं, कारण ती स्वतःला आणि त्या देवीला वेगळं मानतच नव्हती.

डोहवाडी आमच्या कॉलनीच्या खाली, नदीकडे उतरलं की लागते. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. त्या गंगेला डोहवाडीपाशी एक वळण आहे, वळणावर खोल डोह आहे, आणि डोहाच्या काठावर, काठावर कसलं, निम्मं पाण्यातच, डोहाईचं काळ्या दगडाचं देऊळ आहे. भागीबाईनं एका मंगळवारी मला तिथे नेलं. वरून पाहिलं तर देऊळ दिसतच नाही, नुसतं शिखर दिसतं. पायऱ्या उतरत गेलं की हळूहळू मंडप वर येतो, मग दार, मग उंबरा. दार इतकं ठेंगणं की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. मी वाकले आणि तरी डोकं आपटून घेतलं.

"पयल्यांदा सगळ्यांना लागतं," भागीबाई म्हणाली. "देवीची ओळख झाली समजा."

देवळाच्या दगडी कामाला चुना नाही की माती नाही. दगडात खाच पाडून दगडात दगड बसवलेला. मंडपाचे चार खांब, वर दगडाचंच कमळ, आणि गाभारा दोन पायऱ्या खाली. जोत्याची नदीच्या वरच्या अंगाची बाजू नावेच्या नाकासारखी टोकदार काढलेली आहे, म्हणजे पाण्याचा लोंढा आला की तिथे फाटून दोन्हीकडून जातो. आणि मला सगळ्यात आवडल्या त्या गाभाऱ्याच्या दोन खिडक्या. दगडी जाळीच्या, समोरासमोर. एक पाणी येतं त्या बाजूला, एक जातं त्या बाजूला.

"गंगेनं एकीतून यावं, दुसरीतून जावं," भागीबाईनं समजावलं. "दार लावून घेतलं तर ती भिंत पाडून येईल. मोठ्या घरची बाई ती."

कुठल्याशा कॉलेजचे एक सर मुलांना घेऊन आले होते. खालचं बांधकाम यादवांच्या काळातलं आणि वरचं विटा-चुन्याचं शिखर पेशवाईतलं, असं ते सांगून गेले. भागीबाईनं ते ऐकून ठेवलं होतं. तिच्या भाषेत, "लुगडं आजीचं आन् चोळी नातीची."

गाभाऱ्यात मूर्ती नाही, तांदळा आहे. न घडवलेला गोल दगड, त्यावर शेंदराची पुटं. सणावाराला त्यावर पितळेचा मुखवटा चढतो. भागीबाई म्हणायची, ती तांदळा म्हणून तिची ओटी तांदळाची. व्याकरणात हे बसतं की नाही ठाऊक नाही, माझ्या मनात मात्र बसलं.

या देवीची गोष्ट अशी. डोहवाडीच्या एका माळ्याची लेक लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली होती. सासरचे न्यायला आले ते घाई करत आले. दिवस मावळेल, नदी चढेल, चला चला. आईनं ओटीसाठी तांदूळ सुपात घेतले होते, ते सुपातच राहिले आणि पोरगी रिकाम्या ओटीनं निघाली. नदी ओलांडताना त्या डोहात ती गेली. पुढे पाणी उतरलं तेव्हा काठावर हा गोल दगड उघडा पडलेला. बापानं ओळखला. तिथेच देऊळ झालं.

तेव्हापासूनची रीत अशी की गंगेला पूर आला की लेक माहेरी येते. शहरातली माणसं पूर किती, हे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतात. डोहवाडी उंबऱ्यावर कोरलेल्या कीर्तिमुखाकडे बघते. त्या राक्षसाच्या तोंडातून जीभ बाहेर आली आहे. ती जीभ ओली झाली की गुरवानं मुखवटा उचलायचा आणि त्या माळ्याच्या घरी न्यायचा. तांदळा पाण्याखाली, मुखवटा माहेरी. पाणी उतरलं, गाळ निघाला की माहेरच्यांनी ओटी भरायची आणि मग लेकीला परत धाडायचं. ते माळ्याचं घर म्हणजे भागीबाईचं घर. तिचा नवरा फकिरा हा त्याच वंशातला.

आम्ही आलो त्यानंतर दोनेक वर्षांनी धरणातून पाणी सोडलं आणि मी हे डोळ्यांनी पाहिलं. पुंजा गुरव कंबरभर पाण्यातून मुखवटा डोक्यावर घेऊन आला. भागीबाईनं तो पदराखाली घेतला, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पहिलं वाक्य काय, तर "वाळलीस गं!" मग पाच दिवस त्या घरात मऊ भात, तूप, पुरण. मुखवट्याच्या केसांना म्हणजे पितळेला तेल. फकिरा ओट्यावर झोपायचा, कारण आत लेक आहे.

त्यानंतर बरीच वर्षं पाणी आलंच नाही. धरण भरायचं, सोडायचे ते बेतानं. कीर्तिमुखाची जीभ कोरडीच. दर पावसाळ्यात भागीबाई फुलं द्यायला आली की मी विचारायची, "काय म्हणतंय पाणी?" आणि ती पाटी उचलून चालू लागायची. एकदा बोलली.

"काय म्हनू ताई? पूर येऊ दे म्हनलं तर गावाचं वाटोळं. खालच्या मळ्यातलं सगळं वाहून जातं. नको येऊ दे म्हनलं तर लेक येत नाय. मी हात जोडते आन् काहीच बोलत नाय."

तिला दोन मुलगे. लेक नाही. ते तिनं कधी रडून सांगितलं नाही, पण दिवाळीनंतर कॉलनीतल्या मुली माहेरपणाला यायच्या, तेव्हा ती एक वेणी जास्तीची द्यायची. "तुमच्या लेकीला. नको, पैसे नको, लेकीचं हाय."

मग कुंभमेळा आला, रस्ते रुंद झाले, जमिनीला भाव आला. फकिराचा पुतण्या गोरक्ष बांधकामाच्या धंद्यात वर आला आणि देवस्थान समितीचा अध्यक्ष झाला. माणूस चांगला. त्यानंच वर रस्त्याला लागून डोहाईचं नवं देऊळ बांधायला घेतलं. सिमेंटचं, आत संगमरवर, दाराशी दोन रंगवलेले सिंह, पायऱ्यांना स्टीलचे कठडे. लोकांनी नावं ठेवली, पण खरं सांगते, माझ्या गुडघ्यांना ते देऊळ फार आवडतं.

२००८ साली काम पुरं झालं आणि त्याच वर्षी पितृपंधरवड्यात मोठा पूर आला. जुन्या देवळाचं नुसतं शिखर पाण्यावर दिसत होतं. लेक माहेरी आली. पाणी उतरल्यावर आम्ही बायका टोपल्या घेऊन खाली गेलो. गाभारा गाळानं भरलेला, पण देवळाचा एक दगड हलला नव्हता. गंगा एका खिडकीतून आली होती, दुसरीतून गेली होती. गाळ मळ्यांत गेला आणि तांदळ्याला नवा शेंदूर लागला.

तेव्हा गोरक्षनं जाहीर केलं की आता मुखवटा खाली जाणार नाही. घटस्थापनेच्या मुहूर्तावर थेट भागीबाईच्या घरून नव्या देवळात. तिथे पाणी कधीच पोचणार नाही.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भागीबाईनं वाजवल्या की नाही, मी पाहिलं नाही. पण पाणी कधीच पोचणार नाही याचा अर्थ काय, हे तिला आणि मला एकाच वेळी कळलं.

घटस्थापनेला सकाळी मी तिच्या घरी गेले तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बँड, डोक्यावर कलश घेतलेल्या बायका, पंचांग घेतलेला पुंजा गुरव, पांढऱ्या कपड्यांत गोरक्ष. आत पाटावर हिरव्या लुगड्यातली देवी. आणि ओट्यावर भागीबाई मांडीवर सूप घेऊन बसलेली.

"काकू, चला," गोरक्ष म्हणाला. "मुहूर्त आहे."

"ओटी भरायचीय."

"मग भरा ना."

"तांदूळ निवडतेय."

"आत्ता? अहो, मूठभर तांदूळ! थांबा, माझ्या घरून आणवतो. एकदम स्वच्छ आहे, पॉलिशचा."

"तू न्यायला आलास म्हंजे आज सासरचा. सासरच्या तांदळानं माहेरची ओटी भरतात व्हय रे? तुझ्या बायकोची भरली व्हती का?"

कलशवाल्या बायका हसल्या आणि कलश सावरू लागल्या. भागीबाईनं एक दाणा उचलला, उजेडात धरला, बाजूला टाकला. "हरसूलच्या बाजारचा हाय. हातकांडणीचा. कणी लय निघती. ओटीत कणी चालत नाय. अखंड दाना पायजे."

मी तिच्या शेजारी टेकले आणि मदत करावी म्हणून सुपात हात घातला. तिनं माझ्या हातावर हलकीच चापट मारली. "ताई, तुम्ही नका. तुमचा हात लय चपळ हाय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी हात पदराखाली घेतला.

पुंजा गुरवानं पंचांग उघडलं. "वहिनी, वेळ टळतीय बरं का."

"पुंजाभाऊ, त्या पोरीच्या सासरच्यांना बी घाईच झाली व्हती. पुढं काय झालं? तुम्हीच सांगता ना दर नवरात्रात, माइक लावून?"

पुंजानं पंचांग मिटलं. एवढा वेळ उभे असलेले बँडवाले अंगणाच्या कडेला बसले. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, "साहेब, वाजवायचं का?"

"थांब रे!" गोरक्ष ओरडला आणि मग पांढऱ्या कपड्यांची पर्वा न करता ओट्याच्या पायरीवर बसला. आवाज खाली आणून म्हणाला, "काकू, काय पाहिजे तुम्हाला?"

"मला काय पायजे? देऊळ झ्याक बांधलंस. माझी लेक चिखलात राहावी असं मला वाटत नाय. म्हाताऱ्याकोताऱ्यांना जाता येईल. लय चांगलं केलंस." आणखी एक दाणा बाजूला गेला. "पन मग ती माझ्याकडं कधी येनार?"

"येण्याचं कारणच काय आता? प्रथा पुराची आहे."

"पान्याला भिऊन येती त्याला माहेरपन म्हनतात व्हय? त्याला पळून येनं म्हनतात. लेक नागपंचमीला येती. सगळ्यांच्या येतात. तुझी बहिन येती. माझीच का नाय?"

कोपऱ्यातून फकिरानं तोंड घातलं. "दे रे तिला. घरात लेक नाय, दोन बैल हायेत नुसते." त्याचे दोन्ही मुलगे तिथेच उभे होते, ते दुसरीकडे बघू लागले.

गोरक्षनं समितीच्या माणसांकडे पाहिलं. समितीची माणसं आभाळाकडे बघत होती. ओटी न भरता देवी उचला असं म्हणायची त्यांच्यातल्या एकाचीही छाती नव्हती. गोष्ट सगळ्यांना पाठ होती.

"पंचमीला," गोरक्ष म्हणाला. "येईल."

"ह्या वर्सापुरती?"

"दर वर्षी. पूर येवो न येवो."

"आनून कोन सोडनार?"

"मी."

"आन् न्यायला?"

"मीच येतो. जेवून जाईन, सगळं करीन. आता भरा ओटी, काकू!"

भागीबाईनं सूप माझ्या मांडीवर ठेवलं, उठली, आत गेली. फडताळातून फडक्यात बांधलेलं एक गाठोडं काढलं. सोडलं तर आत पांढरेशुभ्र, अखंड तांदूळ. आदल्या दिवशीच निवडून ठेवलेले. तिनं हळदकुंकू लावलं, खण, नारळ, सुपारी, हळकुंड घातलं, तांदळानं ओटी भरली आणि मुखवट्याच्या कानाशी तोंड नेलं. मी अगदी जवळ होते म्हणून ऐकू आलं.

"जाते म्हनू नको. येते म्हन."

मग बँड असा वाजला की झाडावरचे बगळे उडाले. देवी आधी खाली जुन्या देवळात तांदळ्याला भेटून आली आणि मगच वर गेली. मुहूर्त टळला होता. पुंजानं लगेच दुसरा काढला.

पुढच्या वर्षी पाऊस ओढ देऊन बसला होता. श्रावणात गंगा गुडघाभर, कीर्तिमुखाची जीभ खडखडीत कोरडी. आणि पंचमीच्या सकाळी गोरक्षची जीप भागीबाईच्या दारात थांबली. पुढच्या सीटवर पुंजा गुरव, त्याच्या मांडीवर डोहाई. भागीबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. "वाळलीस गं," म्हणाली, आणि मग लगेच, "नाय, बरी दिसतीस."

आंब्याला झोका बांधला होता. वाडीतल्या सगळ्या माहेरवाशिणी जमल्या, देवीला मांडीवर घेऊन आळीपाळीनं झुलल्या. तवा चढवायचा नाही, चिरायचं नाही, म्हणून पुरणाचे दिंड उकडले होते. मी पाच खाल्ले. झोक्याकडे बघत भागीबाई माझ्या कानाशी लागली, "ताई, आता मला गंगेला सांगता येतं. बाई, तू तुझ्या जागी राहा. लेक रस्त्यानं येती."

दिवस कलायला लागला तसा गोरक्ष न्यायला आला. गाडीची किल्ली बोटात फिरवत अंगणातूनच म्हणाला, "काकू, निघायचं ना?"

भागीबाई आतून सूप घेऊन आली आणि त्याच्यासमोर ठेवलं.

"पाय धू आन् बस. तांदूळ निवडायचेत."

तो बसला. निवडायला लागला. भागीबाईनं थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हळू रे. तुझा बी हात लय चपळ हाय."