गुऱ्हाळावरची झडती

"हात वर."

मुकादम एवढंच म्हणायचा. आणि आम्ही हात वर करायचो.

बारामतीच्या कालव्याखालचं गुऱ्हाळ. दिवस कलला की काम सुटायचं. गावातल्या बाया फाटकातून सरळ निघून जायच्या. महारवाड्यातल्या आम्ही अकराजणी कडेला रांगेत उभ्या. मुकादम एकेकीपुढं यायचा. काठीनं पदर बाजूला करायचा. मग काठी बगलेत धरायचा आणि हातानं ओचा चाचपायचा, कंबर चाचपायचा. गुळाचा खडा चोरलाय का बघायला.

त्या दिवशी माझ्या पुढं आई होती. मुकादमानं तिच्या ओच्यात हात घातला आणि भाकरीचा तुकडा बाहेर काढला. सकाळचा, वाळलेला. त्यानं तो वर धरून सगळ्यांना दाखवला.

"बघा रं, महारणीचा गूळ."

चरकावरचे गडी हसले. तुकडा त्यानं बैलापुढं टाकला. आईचे हात अजून वरच होते. खाली घे असं त्यानं सांगितलं नव्हतं.

मी तेव्हा सोळा वर्षांची असेन. रांगेत माझी बारी आली. मीपण हात वर केले.

आता त्या गुऱ्हाळाची रीत सांगते. ऊस तोडायचा आम्ही. मोळ्या वाहायच्या आम्ही. रस काढलेलं चिपाड वाळत घालायचं आम्ही. पण रस चरकातून बाहेर पडला की आम्ही लांब. रस आटवायच्या काहिलीची सावलीसुद्धा घ्यायची नाही. आमचा हात लागला तर गूळ बाटतो. मग जो गूळ आम्ही कधी जवळून बघितला नाही, तो आम्ही चोरणार कसा? आणि आमच्या अंगावर फिरलेला मुकादमाचा हात कसा बाटत नव्हता? झडतीला विटाळ नव्हता. विटाळ फक्त गुळाला.

घरी आल्यावर आईनं चूल पेटवली. मी बाहेर बाजेवर बसलेल्या बापाकडं गेले.

बा पलटणीत होता. मोठ्या लढाईत समुद्रापलीकडं जाऊन आला. पलटणीत कुस्ती शिकला. तिथं त्याला मातीत उतरू दिलं. परत आला तो एका पायानं गुडघ्यात अधू होऊनच. गावच्या तालमीत त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. पाय चांगला असता तरी घेतलं नसतं. कुस्ती चालू असली की तो रस्त्यापलीकडं उभा राहायचा. मातीवर अंग पडल्याचा आवाज ऐकून सांगायचा, कोण पडला, कसा पडला.

"बा, तू पलटणीत मानसं पाडायचास न्हवं? मला शिकीव."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. कशाला, असं विचारलं नाही. त्याला झडती माहीत होती. सगळ्या महारवाड्याला माहीत होती.

"उभी कुस्ती माझ्यापाशी न्हाय ऱ्हायली," तो म्हणाला. "पाय गेला. खालची हाय. ती देतो."

आई आतून ओरडली, "पोरीच्या जातीला कुस्ती? कोन करील हिला?"

"कुस्त्या लावायच्या न्हाईत तिला," बा म्हणाला. "उठायला शिकवतोय."

कऱ्हेच्या पात्रात वाळू होती. उजाडायच्या सुमाराला आम्ही तिथं जायचो. बा दरडीवर बसायचा. शेजारची चंद्रा माझ्याच वयाची, माझ्याहून अंगानं भक्कम. ती माझ्या पोटावर बसायची आणि मी तिच्याखालून सुटायचं. पहिले आठ दिवस मला काहीच जमलं नाही. मी हातांनी ढकलायची. चंद्रा हलायची नाही, उलट हसायची.

"हातानं न्हाय," बा वरून सांगायचा. "कंबर उचल. आन आदी त्याचा टेकू काढ. त्याचा एक हात छातीशी धर, सोडू नगं. त्याच बाजूचा पाय तुझ्या पायानं अडकीव. आता त्या अंगाला टेकायला काय हाय त्याला? मग कंबर उचल आन तिकडंच लोळ."

एके सकाळी चंद्रा उलटून वाळूत पडली. तोंडात वाळू गेली तिच्या. थुंकत म्हणाली, "आता तू बस. माझी पाळी."

बा पुष्कळ सांगायचा. पडलीस तर आभाळाकडं बघत पडायचं नाही, कुशीवर वळायचं. हनुवटी छातीला लावायची, गळा द्यायचा नाही. एक गोष्ट तो फिरून फिरून सांगायचा. "अंगावर बसलेल्या मानसाला वाटतं, आपून जितलो. तवाच त्यो गाफील असतो."

दोन महिने आम्ही वाळूत लोळलो. आणि दोन महिने रोज संध्याकाळी मी हात वर केले. हे लपवत नाही. सकाळी चंद्राला उलटी पाडायची आणि संध्याकाळी मुकादमापुढं उभी राहायची. अंगात डाव आला होता. तोंडात शब्द आला नव्हता.

शब्द आला तो चंद्रामुळं. त्या दिवशी मुकादमाला तिच्या ओच्यात काही सापडलं नाही. कंबरेला सापडलं नाही. तो म्हणाला, "कासोटा सोड."

चंद्रा रडायला लागली. रडत रडत तिचा हात पाठीमागं कासोट्याकडं गेला. तो हात बघितला आणि माझ्यानं राहवलं नाही.

"चंद्रे, सोडू नगं."

मुकादम वळला. "मग तू सोड."

"न्हाय."

एवढंच बोलले मी. त्यानं माझा बुचडा धरला आणि मला चिपाडाच्या ढिगावर आपटलं. पाठीत सणक गेली. श्वास अडकला. तो माझ्या अंगावर बसला, एका हातानं माझा गळा दाबला आणि दुसरा मारायला उगारला. एक तडाखा बसला. ओठ फाटला. तोंडात रक्ताची चव आली. मी भ्याले होते. खरं सांगते, फार भ्याले होते. पण माझी हनुवटी आपोआप खाली गेली. माझे दोन्ही हात त्याच्या गळ्यावरच्या मनगटावर गेले. ते मनगट मी छातीशी आवळलं. त्याच बाजूचा त्याचा पाय माझ्या पायानं अडकवला. तो दुसरा तडाखा मारायला वर झाला आणि मी कंबर उचलली.

मुकादम चिपाडात तोंडावर पडला. हात खाली टेकून उठू लागला, तसा तो हात मी धरला, पाठीवर मुरगळला आणि गुडघा रोवून बसले.

"सोड, सोड! मालक, हात मोडतोय!"

चरक थांबला. एक गडी काठी घेऊन माझ्याकडं धावला. त्याच्या आडवी आई आली. मी तिला कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं.

"मार," ती म्हणाली. "आदी मला मार."

तिच्या बाजूला चंद्रा आली. मग बाकीच्या. गड्यानं काठी खाली केली.

गुऱ्हाळाचा मालक, बागाईतदार, काहिलीकडून आला. पांढरं धोतर, हातात छत्री.

"सोड त्याला."

"झडती बंद करा."

"कुणाशी बोलतीयास तू?"

"तुमच्याशीच."

माझ्या हातात मुकादमाचा हात होता. आणखी चार बोटं वर सरकवला असता तर खांदा निखळला असता. मला ते कळत होतं. मला ते हवंही होतं. तेवढ्यात काहिलीवरून गूळ करणारा गुळव्या ओरडला, "मालक, पाक फुडं चाललाय, करपंल!" बागाईतदारानं काहिलीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं.

"बरं. बंद."

"बायांना सांगा."

त्यानं दात आवळून अकराजणींना सांगितलं. मग मी हात सोडला.

दुसऱ्या दिवशी चावडीवर बोलावणं आलं. पाटील ओट्यावर बसलेला, शेजारी बागाईतदार. मुकादमाचा हात झोळीत. आम्ही खाली, लांब. हुकूम झाला. मी मुकादमाच्या पायावर नाक घासायचं, नाहीतर महारवाड्यातल्या एकालाही उसाच्या बागात काम नाही.

आमच्यातले म्हातारे गेनूतात्या माझ्याजवळ आले. हात जोडून म्हणाले, "पोरी, घास. आपल्याला हितंच ऱ्हायाचं हाय." मुकादमाचा तडाखा मला लागला नव्हता तेवढे ते जोडलेले हात लागले.

मी पाटलाला म्हटलं, "रोज झडती घेतली यांनी. एकदा तरी खडा घावला का? इचारा त्यास्नी."

पाटलानं मुकादमाकडं बघितलं. तो मान खाली घालून बसला. म्हणाला, "न्हाय घावला."

"मग मी न्हाय नाक घासनार."

बा काठी टेकत उठला. "झालं," म्हणाला, आणि घराकडं चालायला लागला. आम्ही मागून.

सहाव्या दिवशी बागाईतदारानं बाकीच्यांना परत बोलावलं. तोडलेला ऊस वाळत होता. पुढं झडती झाली नाही, असं चंद्रा सांगायची. आमच्या घराला मात्र काम नाही, दुकानात पीठ नाही, गावाच्या वाटेवर उभं राहणं नाही. गेनूतात्या आमच्याशी बोलायचे बंद झाले. आम्ही भांडी बांधली आणि इंदापूरच्या रस्त्यावर खडी फोडायला गेलो.

खडीवर दुसऱ्या आठवड्यात एक बाई माझ्याकडं आली. डोळा सुजलेला. कोणी मारलं ते तिनं सांगितलं नाही. मुकादमाची गोष्ट तिच्या कानावर गेली होती. म्हणाली, "बाईच्या जातीनं असं मानूस पाडावं का? पाप न्हाय का लागत?"

मी हातोडा खाली ठेवला. तिला खडीच्या ढिगामागं मऊ माती होती तिथं नेलं.

"पापाचं मला ठावं न्हाय," मी म्हटलं. "पड उतानी. आता मी बसते अंगावर. मला पाड."

तिनं मला ढकललं. हातानं.

"हातानं न्हाय," मी म्हटलं. "परत."