दुसऱ्याच्या नावावरचे गोल

उजव्या हाताची दोन बोटं आमचे फोरमन स्वतःच्या डोळ्यांखाली टेकवायचे आणि विचारायचे, "ह्यांनी पाहिलास?"

कंपनीच्या बसमध्ये कुणीही फुटबॉलमधला आपला सर्वांत मोठा हीरो जाहीर केला की हा प्रश्न ठरलेला. समोरचा म्हणे, "पाहिला की, टीव्हीवर." मग बोटं खाली यायची आणि मान खिडकीकडं वळायची. "टीव्हीत दिसला म्हणजे पाहिला न्हवे. तो फोटो."

तुम्हीही कधी रोज इतका लांबचा प्रवास कंपनीच्या बसनं केला असेल, तर त्या वेळेचं काय करायचं हा प्रश्न तुम्हाला ठाऊक असेल. आम्ही चेन्नईत अण्णा नगरला बसायचो आणि शहराबाहेर ओरगडमला, कारखान्यापाशी उतरायचो. मधे एक तर झोप, नाही तर वाद. २००६चा विश्वचषक होऊन गेला तरी आमच्या बसमधला वाद काही संपला नव्हता: आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण? केरळचा एक वेल्डर ब्राझीलबाहेरचं नावच घेऊ द्यायचा नाही. मी कोल्हापूरचा. आमच्याकडं फुटबॉलवरून एका पेठेतली माणसं दुसऱ्या पेठेतल्या सोयऱ्यांशी बोलणं टाकतात, त्यामुळं गप्प बसणं मला जमण्यासारखं नव्हतं.

माझा हीरो अर्जेंटिनाचा होता, आणि तो मी पायांपेक्षा तोंडासाठी निवडला होता. मोठ्या माणसांना तो सरळ सुनावायचा. आमच्या घरी वडील कामगार संघटनेची पत्रकं छापून आणायचे. त्या गठ्ठ्यांवर बसूनच मी वाचायला शिकलो. खेळाडूनंसुद्धा बाजू घेतली पाहिजे, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी बसमध्ये उभा राहून मांडलं.

फोरमननी सगळं ऐकून घेतलं. वयानं लहान असलेल्याला ते 'तंबी' म्हणत, तमिळमध्ये धाकटा भाऊ. "तंबी, तुझा हीरो बोलतो छान," ते म्हणाले. "तुझ्याशीं बोलला कां?"

बस हसली. मीही हसलो, पण उशिरा.

ते पेंट शॉपचे, म्हणजे रंगकाम विभागाचे फोरमन होते. घराणं तंजावरचं, जुनं मराठी. तीन पिढ्या मद्रासमध्ये गेलेल्या, पण घरात अजून मराठीच. तमिळच्या चालीवर चालणारी ती मराठी, 'मी केलों', 'मी सांगितलों' म्हणणारी, पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला कुणीतरी जुनी पोथी वाचतंय असं वाटलं होतं. माझ्या बोलण्याचंही त्यांना तेवढंच नवल. "तूं रागावलास कीं बोलतोस, तें कळत नाहीं," ते म्हणायचे.

तरुणपणी ते कंपनीच्या संघाचे गोलकीपर होते. कारखाना शहरात होता तेव्हापासूनचे. डाव्या हाताची करंगळी कधीतरी मोडून आकड्यासारखी बाहेर वळली होती. कॉफीचा पेला धरला की ती वेगळीच उभी राहायची, आणि नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा फार ऐटीत आहे.

शिफ्ट सुटल्यापासून बस निघेपर्यंत ते कारखान्यामागच्या मैदानावर असत. येईल त्याला शिकवत. कायम कामगारांचा शर्ट निळा आणि कंत्राटी कामगारांचा राखाडी, पण मैदानावर सगळ्यांनी शर्ट काढून कुंपणावर टाकायचे, हा त्यांचा नियम. एरवी कारखान्यात ते दोन रंग कुठंच मिसळत नसत. कॅन्टीनमध्येसुद्धा रांगा वेगळ्या होत्या.

त्या वेगळ्या रांगेवरूनच माझं त्यांच्याशी बिनसलं. कंत्राटी पोरांना कायम करा, अशी मागणी लिहून मी सह्या गोळा करत होतो. त्यांनी कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि परत दिला. "अक्षर चांगलं हाय," म्हणाले. सही केली नाही. त्या संध्याकाळी खोलीवरच्या मित्रांना मी सांगितलं की हा माणूस समोरच्याच्या बुटांवर झेप घेतो, पण पेनला घाबरतो.

त्याच राखाडी शर्टांमधला एक मुरुगन. ओरगडमच्या पलीकडच्या एका खेड्यातून सायकलवर यायचा. पेंट शॉपमध्ये गाड्यांच्या दरवाज्यांना सँडपेपर मारणं हे त्याचं काम. पायात बॉल आला की तो पळायचा नाही. आधी थांबायचा. समोरचा बचावपटू गोंधळून पुढं यायचा आणि तेवढ्यात मुरुगन त्याच्या मागं असायचा. कसा, ते मला आजही सांगता येणार नाही, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

कारखान्यांची आपसांत एक स्पर्धा असे. नियम असा की खेळाडू कायम कामगारच हवा. मुरुगनला प्रवेशच नव्हता. एका वर्षी आमच्या संघाच्या सेल्वमचा गुडघा गेला. सेल्वम कायम कामगार, अंगानं मुरुगनसारखाच. मग एका सामन्याला सेल्वमचं ओळखपत्र घेऊन आणि सेल्वमची जर्सी घालून मुरुगन उतरला. ही सोय केली होती आमच्या फोरमननी; संघाचे प्रशिक्षकही तेच होते.

पुढं तीन हंगाम असंच चाललं. गोल मुरुगननं मारायचे आणि कागदावर ते सेल्वमच्या नावानं चढायचे. कडेला उभे असलेले आम्ही शेकडो लोक "सेल्वम, सेल्वम" असं ओरडायचो. खरं काय ते संघाला माहीत होतं, पेंट शॉपला माहीत होतं, बसला माहीत होतं. बाकी कारखाना फार मोठा होता. मुरुगनला सुरुवातीला त्या हाकेवर वळायचं लक्षात राहत नसे. मग सवय झाली. "घरी आईनं मुरुगन म्हटलं की आता उशिरा कळतं," तो म्हणायचा. कप आला तेव्हा फोटोत सेल्वम उभा होता, लंगडत.

पुढच्या वर्षी कंपनीनं कंत्राटदार बदलला आणि जुनी सगळी राखाडी पोरं एका सकाळी फाटकाबाहेर राहिली. मुरुगनही. मी पत्रक लिहिलं, कॅन्टीनच्या भिंतीवर चिकटवलं. जेवणाच्या सुट्टीआधीच कुणीतरी ते फाडलं.  फोरमननी बसमध्ये माझ्याशेजारची जागा सोडली नाही, एवढंच.

त्यानंतर काही महिन्यांनी कंपनीनं ठरवलं की संघाच्या इतिहासातला सर्वांत आवडता खेळाडू कामगारांनी मतदानानं निवडावा आणि त्याचं चित्र कॅन्टीनमध्ये लावावं. आमचा बसमधला पोरखेळ एकदम सरकारी झाला. पेट्या ठेवल्या, चिठ्ठ्या पडल्या. निवडून आला सेल्वम, प्रचंड मतांनी. लोकांनी गोल पाहिले होते आणि नाव ऐकलं होतं.

बसमध्ये त्याचं अभिनंदन कुणी केलं नाही. केरळचा वेल्डर तेवढा म्हणाला, "सेल्वमअण्णा, गुडघा कसा आहे?" सेल्वमनं डोळे मिटून घेतले.

आमचे फोरमन तेव्हा निवृत्तीला आले होते. निवृत्तीनंतर दोन वर्षं प्रशिक्षक म्हणून ठेवायचं, असं वरून जवळजवळ पक्कं होतं. पगार नाममात्र, पण तो त्यांनी विचारलाही नव्हता. "बायको गेली, पोरगी बंगळूरला," ते मला म्हणाले होते. "मैदान गेलं तर मी संध्याकाळीं कुठें जाऊं?"

सत्काराच्या दिवशी नुंगंबाक्कमच्या मुख्य कार्यालयातून साहेब आले. चित्रावर कापड होतं. ते काढायचा मान संघाच्या प्रशिक्षकाला, म्हणजे यांनाच. सेल्वम पुढच्या खुर्चीत नवा शर्ट घालून बसला होता.

ते कापडापाशी गेले, पण हात लावला नाही. तमिळमध्ये बोलले, हळू, जसं पेंट शॉपमध्ये नव्या माणसाला काम समजावत तसं. "हे चित्र सेल्वमचं आहे. गोल त्याचे नाहीत. ते मुरुगनचे. तो कंत्राटी होता म्हणून मी त्याला सेल्वमच्या नावानं उतरवलं. तीन वर्षं. सेल्वमला मीच गप्प बसायला सांगितलं होतं."

साहेबांना आधी वाटलं, हा काही तरी विनोद आहे. ते हसले. मग त्यांनी सेल्वमकडं पाहिलं. सेल्वम बसल्या जागेवरून म्हणाला, "आमा." होय. तेवढंच.

 मी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि चार टाळ्यांनंतर थांबलो, कारण दुसरं कुणी वाजवत नव्हतं.

कंपनीला कप परत द्यावा लागला. संघावर एका हंगामाची बंदी आली. प्रशिक्षकपदाचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. आणि सगळ्यात कडू गोष्ट अशी की लोक चिडले ते त्यांच्यावरच. बसमध्ये एक फिटर त्यांच्या तोंडावर म्हणाला, "तो पोरगा गेला तो गेलाच. तुम्ही आमचा कप का घालवलात?"

"कप आपला न्हवताच, अप्पा," त्यांनी उत्तर दिलं आणि खिडकीकडं मान वळवली.

मी त्यांना म्हणालो, "काका, मी यावर पत्रक काढतो. सगळ्या कारखान्यांत वाटतो. तुम्ही फक्त हो म्हणा."

"नको."

"का नको? तुम्ही केवढं मोठं काम केलंत."

"म्हणूनच नको. त्यांत तूं मलाच हीरो करशील." बस खड्ड्यांत आदळली, त्यांनी पुढच्या सीटची दांडी धरली.  "तंबी, तुझ्या कागदावर मी सही केलों नाहीं, तें तुला लागलं. मला ठाऊक. पण तेव्हां मुरुगन सेल्वम होऊन खेळत होता, आणि मी सही करतों म्हणजे माझ्या शॉपमधल्या पोरांची यादी वर जाते, त्यांत त्याचं नांव येतं. कायम झाला तर झाला. नाहीं झाला तर तो कोण, कुठें खेळतो, ही चौकशी. मग खेळ बंद. मी भ्यालों."

"कपासाठी?"

"कप कोणाला पाहिजे? मला त्याला पाहायचं होतं. आठवड्यांत एकदां तरी. इतक्या वर्षांत तसा दुसरा पाहिलों नाहीं." त्यांनी वाकडी करंगळी दुसऱ्या हातानं सरळ करायचा प्रयत्न केला, उगीचच. "माझ्या डोळ्यांसाठीं मी त्याचं नांव घालवलों."

 अन्याय करणारा मला नेहमी फाटकाच्या आतल्या केबिनमध्ये बसलेला दिसायचा. तो प्रेम करणाराही असू शकतो, हे कुठल्या पत्रकात छापलेलं नव्हतं.

निवृत्तीनंतर त्यांनी मुरुगनला शोधलं. खेड्यात आई भेटली, तो नाही. बांधकामावर कोइंबतूरकडं गेला असं ती म्हणाली. कुठं, ते तिला सांगता येईना. त्यांनी तिला सगळं सांगितलं. कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर तुझ्या पोराचं नाव घेतलं, म्हणाले. तिनं विचारलं, "मग त्याला परत कामावर घेतात का?"

हे सांगताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

मी पुढच्याच वर्षी पुण्याला नोकरी धरली. ते गेल्याचं मला सेल्वमनं फोन करून कळवलं. झोपेतच गेले, म्हणाला. मुरुगनला कळवायला कुणाकडं पत्ता नव्हता.

चेन्नई सोडण्याआधी, ओरगडमच्या माझ्या शेवटच्या दिवशी, ते मला दिसले होते. आता आत यायला परवानगी नव्हती. मैदानाच्या बाहेरच्या बाजूनं कच्चा रस्ता जातो, तिथं तारेच्या जाळीत बोटं अडकवून ते उभे होते. दोन बस बदलून आले असणार. आमची बस त्यांच्या पाठीमागून सावकाश वळली. आम्ही खिडक्यांतून हाका मारल्या, केरळच्या वेल्डरनं शिट्टीही घातली. त्यांनी मान वळवली नाही. मैदानावर उजवीकडून कुणीतरी बॉल घेऊन निघाला होता, आणि मधेच थांबला होता.