पाणी मारायचं काम

ताज्या गिलाव्यावर पाणी पडलं की जो ओला, उग्र वास येतो, तो नाकात गेला की आजही माझा जबडा आवळतो.

नववीत आम्हाला बांधकाम विषय होता. शाळेमागच्या मोकळ्या जागेत मुलं भिंत बांधायची आणि मला, वर्गातल्या एकट्या मुलीला, सरांनी बादली दिली. "तू पाणी मार. तेवढं जमेल." एकदा मी गिलाव्याची थापी उचलली, तर सरांनी ती सगळ्यांसमोर हिसकावून घेतली. "मी सांगितल्याशिवाय भिंतीला काहीही करायचं नाही. पाणीसुद्धा मारायचं नाही!"

मग भिंतीला गिलावा झाला आणि सर चार दिवस एका लग्नाला गावी गेले. नव्या गिलाव्याला रोज पाणी लागतं, नाहीतर तो धरत नाही. भिंत उन्हात तापत राहिली. मी बादली उपडी घालून तिच्यावर बसले आणि चिंचा खाल्ल्या.

सर परतले ते तपासणीच्या साहेबांना घेऊनच. साहेबांनी किल्लीनं भिंत खरवडली. वाळू भुरुभुरु सरांच्या बुटांवर पडली.

"पाणी नाही मारलं?"

"सरांनी सांगितलं नव्हतं," मी म्हटलं.

तेव्हा वाटलं, फिटलं. पण परवा हिंजवडीत मी बांधत असलेल्या इमारतीत तेच सर फ्लॅट बघायला आले. "माझी विद्यार्थिनी!" असं बायकोला कौतुकानं सांगितलं. मग नव्या भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "पाणी नीट मारलंय ना गं?"

"छे, सर," मी गोड हसले. "तुम्ही कुठे सांगितलं होतंत?"

सरांनी भिंतीवरचा हात काढून घेतला.